ड्रोनने गळ टाकणे : क्लिप, दोरी आणि आपली धरणे

वेण्णातीर (धागाकर्ता)

नमस्कार. मी साताऱ्यात राहतो आणि गेली बारा वर्षे कण्हेर आणि धोमच्या फुगवट्यावर, मच्छीमार संस्थेची पावती फाडून, हौसेने गळ टाकतो. उन्हाळ्यात पाणी उतरले की जुन्या नदीपात्राची खोल रेघ काठापासून बरीच आत जाते. माझ्या हाताने फेकलेला गळ फार तर साठ-सत्तर मीटर पडतो आणि मोठा कटला त्याच्याही पलीकडे उसळी मारताना दिसतो. पुतण्याने शेताची छायाचित्रे काढण्यासाठी नऊशे ग्रॅमच्या आसपास वजनाचा ड्रोन घेतला आहे. त्याला आमिष बांधून ते दीडशे मीटर आत नेऊन सोडावे, असा विचार आहे.

आमिष कसे टांगावे, ते नेमक्या जागी कसे सुटावे आणि ड्रोन पाण्यात जाऊ नये म्हणून काय काळजी घ्यावी, हे ज्यांनी प्रत्यक्ष केले आहे त्यांनी सविस्तर सांगावे. आपल्याकडे हे करणे योग्य आहे का, यावरही मोकळेपणाने लिहावे.

मिरजेची तार

मी दोन वर्षे हा प्रयोग करतो आहे, म्हणून सुरुवातीपासून सांगतो.

या साऱ्या खटाटोपाचा जीव एका क्लिपमध्ये आहे. ड्रोनच्या पोटाखाली, बरोबर मध्यावर, मीटर-दीड मीटर दोरी बांधायची आणि तिच्या टोकाला ताणाने सुटणारी क्लिप लावायची. गळ, शिसे आणि आमिष यांच्या वर एक छोटा फास करून तो त्या क्लिपमध्ये अडकवायचा. तिथून मागे तुमच्या रिळाकडे मुख्य दोरी जाते. ड्रोन जागेवर पोहोचला की रीळ बंद करायचे आणि ड्रोन हळूच पुढे सरकवायचा. ताण वाढला की फास निसटतो आणि आमिष खाली पडते. रिमोटच्या बटणाने उघडणाऱ्या क्लिपाही मिळतात, पण दोरी मध्येच कुठे अडकली तर बटण दाबायला वेळ मिळत नाही. त्यामुळे बटणाची क्लिप वापरली तरी तिच्या खाली ताणाने सुटणारा कच्चा दुवा असलाच पाहिजे.

ती क्लिप किती ताणाला सुटते, हे अंदाजाने ठरवू नका. मासे तोलायचा स्प्रिंगचा काटा फासात अडकवून ओढा आणि आकडा वाचा. टांगलेल्या वजनापेक्षा तो बराच जास्त हवा, नाहीतर हेलकाव्यानेच आमिष वाटेत पडेल, आणि ड्रोन जेवढे ओझे पेलतो त्यापेक्षा तो कमी हवा. ड्रोन किती पेलतो हे पाहण्यासाठी मोकळ्या रानात पाण्याची बाटली बांधून उडवा, थोडे थोडे पाणी वाढवा आणि तो डगमगू लागला की थांबा. त्याच्या निम्म्याहून जास्त वजन मी पाण्यावर कधीही नेत नाही.

दोरी ब्रेडेड घ्या. त्याच ताकदीच्या तंगुसापेक्षा (एकेरी नायलॉन दोरीपेक्षा) ती बारीक असते, त्यामुळे वारा तिला कमी धरतो. ड्रोन जाताना रीळ पूर्ण मोकळे ठेवा आणि काठीचे टोक ड्रोनच्या दिशेने धरा, म्हणजे कड्यांवर दोरी घासत नाही. दोरीचे पोट पाण्याला टेकले की ओढ एकदम वाढते, म्हणून शंभर मीटर आत जायचे असेल तर पंचवीस-तीस मीटर उंची ठेवावी. सोडण्याच्या वेळी चार-पाच मीटरपर्यंत खाली यावे आणि परत येताना दोरीच्या रेषेवरून न येता बाजूने वळसा घेऊन यावे. दोरी पात्यांत गेली तर काहीही हाती उरत नाही.

जलवेडा

मासा लागल्यावर तो ड्रोनला ओढून नेणार नाही का?

मिरजेची तार

नाही. फास क्लिपमधून सुटल्यावर दोरीचा ड्रोनशी संबंध राहत नाही, मासा नेहमीप्रमाणे काठी आणि रिळावरच खेळवायचा असतो. आमिष पडण्याआधीच माशाने धरले, तर वर सांगितलेला कच्चा दुवा उपयोगी पडतो.

भिलवडीकाठ

मिरजकरांनी क्लिपचे महत्त्व सांगितले, ते मी किंमत मोजून शिकलो आहे. गेल्या वर्षी मार्चमध्ये आमच्या गावाजवळ कृष्णेवर मी असाच प्रयत्न केला. क्लिप न वापरता, साध्या सुतळीची सैल गाठ मारली होती आणि ती ओढ बसली की निसटेल असे मी गृहीत धरले होते. ऐंशी मीटरवर वाऱ्याच्या झुळकीने दोरीला पोट आले, रिळावर गुंता झाला आणि दोरी जागच्या जागी थांबली. गाठ सुटण्याऐवजी भिजून आवळली. ड्रोन मागे कलला, दोन वेळा सावरला आणि मग एका अंगाने पाण्यात गेला. हे सारे घडायला चार श्वासांएवढाही वेळ लागला नाही.

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. ड्रोनचा एक पाय पाण्याबाहेर दिसत होता आणि मी विजार गुडघ्यापर्यंत दुमडून पाण्यात उतरायला निघालो होतो. शेजारी म्हशी धूत असलेल्या आजोबांनी माझा दंड धरला आणि समोरच्या मळीकडे बोट दाखवले. तिथे ऊन खात पडलेली मगर मला त्या क्षणापर्यंत दिसलीच नव्हती. भिलवडी, औदुंबर, आमणापूर या पट्ट्यात मगरी आहेत हे मी लहानपणापासून ऐकत आलो, तरी हातातली वस्तू बुडताना ते आठवले नाही. म्हणून कृष्णाकाठच्या सर्वांना हात जोडून सांगतो, ड्रोन पडला तर तो गेला असे समजा. कोंबडीची आतडी किंवा मटणाचे तुकडे आमिष म्हणून तर मुळीच नेऊ नका.

विट्याचे मास्तर

मी विज्ञान शिकवतो, म्हणून हेलकाव्याविषयी थोडे लिहितो. टांगलेले आमिष हा लंबकच असतो. एक मीटर दोरीच्या लंबकाला एक पूर्ण हेलकावा घ्यायला सुमारे दोन सेकंद लागतात आणि तीन मीटरच्या दोरीला साडेतीन. ड्रोन एकदम पुढे काढला किंवा एकदम थांबवला की आमिष झुलू लागते, ड्रोनचा संगणक स्वतःला सावरतो आणि त्या सावरण्याने झोका आणखी वाढू शकतो. उपाय साधा आहे: वेग हळूहळू वाढवावा आणि हळूहळूच कमी करावा. झोका सुरू झालाच तर रिमोटच्या दांड्यांशी झटापट न करता त्याला शांत होऊ द्यावे.

दुसरी गोष्ट खालच्या संवेदकांची. बहुतेक ड्रोन जमिनीजवळ आल्यावर पोटाखालच्या कॅमेऱ्यांनी किंवा ध्वनिलहरींनी उंची आणि जागा ठरवतात. हलणाऱ्या, चमकणाऱ्या पाण्यावर ही यंत्रणा फसते, शिवाय टांगलेले आमिषच तिला जमीन वाटू शकते. मग ड्रोन आपोआप वर उठतो किंवा उतरण्याच्या तयारीला लागतो. ज्या ड्रोनमध्ये ही सोय बंद करता येते तिथे ती बंद करावी आणि उपग्रहांची पकड पक्की झाल्याशिवाय पाण्यावर जाऊ नये.

बॅटरीचे जे मिनिटांचे आकडे सांगितले जातात ते बिनओझ्याचे आणि शांत हवेतले असतात. निम्मी उरली की परत फिरावे. पाण्यात पडलेली बॅटरी वरून कोरडी दिसली तरी पुन्हा चार्जिंगला लावू नये, ती पेट घेऊ शकते.

सागरवाट

मी मूळचा फलटणचा, सध्या व्यापारी जहाजावर नोकरीला आहे. ही पद्धत मी दक्षिण आफ्रिकेच्या किनाऱ्यावर पाहिली आहे. तिथे पुळणीवर उभे राहून गळ टाकताना समोर फुटणाऱ्या लाटांच्या रांगा असतात आणि मोठे मासे त्यांच्या पलीकडे असतात. हाताने फेकलेले आमिष लाटांत अडकते, म्हणून ड्रोनने ते तीनशे-चारशे मीटर पलीकडे नेतात. पुढे मासे आणि शार्क यांच्यावर ताण येतो म्हणून तिथल्या सरकारने २०२२ मध्ये जाहीर सूचना काढून ड्रोनने मासेमारी कायद्याविरुद्ध असल्याचे स्पष्ट केले.

धागाकर्त्यांना माझा एवढाच प्रश्न आहे की तिथे ड्रोन लाटांचा अडसर ओलांडतो, मग कण्हेरच्या शांत पाण्यावर तो नेमका कोणता अडसर ओलांडणार आहे? अडसर खरा असेल तर साधन योग्य. तो नसेल तर सारी जोखीम फक्त लांबीसाठी पत्करल्यासारखे होईल.

भोईआळी_वाई

सागरवाट यांनी विचारले तेच मला वेगळ्या बाजूने विचारायचे आहे. आमच्या घरात चार पिढ्या मासेमारी चालते. धरणातला कटला, रोहू, मृगळ हा आपोआप येत नाही. संस्था ठेका भरते, मत्स्यबीज आणते, बोटुकली (बोटाएवढी पिल्ले) सोडते आणि ती वाढेपर्यंत थांबते. आमचे सभासद ट्यूबवर बसून, पाय पाण्यात सोडून, पहाटेच्या थंडीत जाळी लावतात. काठावरून गळ टाकणाऱ्यांना आम्ही कधी अडवले नाही, कारण काठ सगळ्यांचा असतो. पण दीडशे मीटर आत जिथे आमची जाळी असतात, तिथे वरून शिसे आणि गळ पडू लागले तर काय होते? ब्रेडेड दोरी जाळ्यात गुरफटली की ती सुटत नाही, जाळे कापावे लागते आणि ते पुन्हा विणत बसण्यात माझ्या आईचे दोन दिवस जातात.

आणखी एक, वेण्णातीर दादा. तुम्हाला कटला हवा आहे ना? कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या आणि मृगळ तळाला. शिसे बांधून तळाशी टाकलेल्या आमिषाला तुम्ही दीडशे मीटर नेले काय आणि पाचशे नेले काय, उसळी मारणारा कटला त्याच्याकडे येणार नाही. त्याला तरंगा लावून वर ठेवलेले आमिष लागते. संध्याकाळी वारा ज्या काठाला येऊन थडकतो त्या काठाला वरचे खाद्यही गोळा होते. तिथे जाऊन बसा, पंधरा-वीस मीटरवर मासा मिळतो.

कराडचा तरुण

भोईआळी यांच्याविषयी पूर्ण आदर ठेवून मी असहमती नोंदवतो. एक हौशी माणूस दिवसाला एक-दोन मासे धरतो. त्याच्या साधनावर एवढा आक्षेप का असावा? शिवाय एक बाजू कोणीच मांडली नाही. आमच्याकडे अनेक जण आमिष लांब ठेवायचे म्हणून ट्रकची ट्यूब घेऊन, पोहता येत नसताना, पाण्यात जातात. माझ्या ओळखीचा एक मुलगा असाच गेला आणि परत आला नाही. तेव्हा त्याच्या हातात ड्रोन असता तर तो आज असता, असे मला मनापासून वाटते. काठावर पाय रोवून उभ्या राहणाऱ्या माणसाचा जीव सुरक्षित राहतो, हा या साधनाचा फार मोठा गुण आहे.

भोईआळी_वाई

तुमच्या मित्राबद्दल वाचून वाईट वाटले. ट्यूबची बाब मला मान्य आहे. आमच्यातही पट्टीचे पोहणारे गेले आहेत. माझे मागणे एवढेच आहे की ड्रोन न्यायचा असेल त्या दिवशी संस्थेच्या माणसाला विचारावे. जाळी कुठे लावली आहेत हे सांगायला कोणी नाही म्हणणार नाही.

पाटणची रानवाट

पक्ष्यांच्या वतीने मला लिहिले पाहिजे. उन्हाळ्यात धरणांतली बेटे उघडी पडली की नदी सुरय पक्षी त्यांच्यावर, उघड्या वाळू-खड्यांत अंडी घालतात. त्यांना काडीचेही घरटे नसते. वरून ड्रोन गेला की सगळी वसाहत एकदम उडते आणि मार्च-एप्रिलच्या उन्हात अंडी उघडी राहतात. पाखरे लवकर परत आली नाहीत तर तेवढे ऊन अंड्याला घातक ठरू शकते. मी हे दुर्बिणीतून पाहिले आहे आणि ते दृश्य मनातून जात नाही. हिवाळ्यात येरळवाडी आणि मायणीच्या पाण्यावर रोहित (फ्लेमिंगो) आणि पट्टकदंब हे पाहुणे पक्षी येतात, तेव्हा तिथे तर ड्रोन काढूच नये.

घारींचाही विचार करावा. हवेत लोंबणारा मासा किंवा मांस घारीला लांबून दिसते आणि ती त्यावर झेपावते. त्यात ड्रोनही जातो आणि घारही. पिठाचे किंवा पेंडीचे आमिष असेल तर हा धोका कमी होतो.

नियमांची वही

कायद्याची बाजू थोडक्यात सांगतो. ऑगस्ट २०२१ पासून ड्रोन नियम २०२१ लागू आहेत. त्यांत अडीचशे ग्रॅमपर्यंत नॅनो, त्यापुढे दोन किलोपर्यंत मायक्रो आणि पंचवीस किलोपर्यंत स्मॉल असे वर्ग आहेत. हे वजन ओझ्यासह मोजले जाते, आणि इथेच अनेकांची चूक होते. दोनशे एकोणपन्नास ग्रॅमच्या ड्रोनला साठ ग्रॅमचे आमिष बांधले की तो नॅनो राहत नाही. मायक्रो ड्रोन बिगरव्यावसायिक कारणासाठी उडवायला वैमानिकाचे प्रमाणपत्र लागत नाही, मात्र ड्रोनची नोंदणी करून ओळख क्रमांक घ्यावा लागतो आणि नॅनोच्या वरच्या ड्रोनला त्रयस्थ पक्षाचा विमा लागतो. हिरव्या क्षेत्रात चारशे फुटांपर्यंत पूर्वपरवानगी लागत नाही, पण क्षेत्र हिरवे आहे की नाही हे सरकारच्या ‘डिजिटल स्काय’ संकेतस्थळाच्या नकाशावर त्याच दिवशी पाहावे.

धरणाच्या भिंतीच्या आसपास ड्रोन नेऊच नये. कोयना अभयारण्य १९८५ पासून आहे, चांदोली २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान झाले आणि २०१० मध्ये दोन्ही मिळून सह्याद्री व्याघ्र प्रकल्प झाला. त्या हद्दीतल्या पाण्याचा विचार मनातूनही काढून टाकावा.

जलवेडा

पाण्यावर तरंगणारे, मासेमारीसाठीच बनवलेले ड्रोन बाहेरून मागवता येतील का?

नियमांची वही

परदेशी तयार ड्रोनच्या आयातीवर ९ फेब्रुवारी २०२२ पासून बंदी आहे. संशोधन, संरक्षण आणि सुरक्षा यांच्यासाठीच अपवाद आहे. सुटे भाग आणता येतात, पूर्ण ड्रोन नाही.

औदुंबरची लेक

मी गळ टाकत नाही, पण माझे वडील आयुष्यभर टाकत आले. ते आधी तीन दिवस एकाच जागी शेंगदाण्याची पेंड आणि भिजवलेला मका टाकायचे आणि चौथ्या दिवशी काठी घेऊन बसायचे. मासा आपल्याकडे यायला शिकतो, असे ते म्हणत. भोईआळी यांचे लिहिणे वाचून मला तेच आठवले.

मला तुटलेल्या दोरीविषयी विनंती करायची आहे. लांब टाकलेला गळ दगडात अडकला की दोरी तोडावी लागते आणि मग शंभर-दीडशे मीटर तंगूस पाण्यात राहतो. पाणी उतरल्यावर तो काठावर येतो. मागच्या वर्षी आमच्या घाटाखाली एक वंचक (छोटा बगळा) बाभळीच्या फांदीला पायाने लटकलेला सापडला. तंगुसाने त्याच्या पायाचे कातडे हाडापर्यंत कापले होते. मी घरून कात्री आणून तो सोडवला, पण त्याला उभे राहता आले नाही. ड्रोनने गळ टाकणाऱ्यांनी अडकलेली दोरी जेवढी ओढून काढता येईल तेवढी काढावी आणि उरलेली कुठे आहे ते लक्षात ठेवून पाणी उतरल्यावर गोळा करावी.

वेण्णातीर (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवडे थांबून, जे सांगितले ते करून पाहिले आणि मग लिहायला बसलो आहे.

सागरवाट यांच्या प्रश्नाने मला आधी थांबवले. अडसर कोणता? मी काठावर जाऊन पाहिले तेव्हा उत्तर मिळाले: गाळ. मे महिन्यात कोरड्या जमिनीपासून पाण्यापर्यंत चाळीस-पन्नास मीटरचा गाळाचा पट्टा उघडा पडतो. त्यात पाय घातला की मांडीपर्यंत जातो. माझ्या साठ-सत्तर मीटरच्या फेकीतला बराच भाग या गाळावरच खर्च होतो. म्हणजे मला दीडशे मीटरची गरज नव्हती, गाळ ओलांडून थोडे पुढे जायचे होते.

ड्रोनची नोंदणी आणि विमा करून घेतला. ज्वारीच्या मोकळ्या रानात बाटली बांधून पाहिली तेव्हा तो चारशे ग्रॅमपर्यंत स्थिर राहिला, म्हणून एकूण वजन दोनशेच्या आत ठेवले. क्लिपचा स्क्रू फिरवत आणि काट्यावर ओढत ती साडेतीनशे ग्रॅमला सुटेल अशी लावली. पहिल्या सहा ओढींत आकडे तीनशे ते साडेचारशे असे खालीवर होत होते. फासाची गाठ क्लिपच्या ओठावर घासत होती, असे नंतर लक्षात आले. गाठ काढून तिथे गुळगुळीत स्टीलची कडी लावली तेव्हा आकडा स्थिर झाला. हे पाण्यावर कळले असते तर उशीर झाला असता.

संस्थेच्या माणसाला फोन केला. त्याने डाव्या अंगाला जाळी आहेत असे सांगितले, म्हणून उजव्या बाजूला एकशे दहा मीटरवर आमिष सोडले. पहिली संध्याकाळ काहीच मिळाले नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे सव्वादोन किलोचा मृगळ लागला. त्याच संध्याकाळी, भोईआळी यांनी सांगितले तसे, वाऱ्याच्या काठाला तरंगा लावून बसलो आणि हाताने टाकलेल्या गळाला वीस मीटरवर कटला लागला.

मिरजेची तार

कडीची सूचना फार उपयोगी आहे, मीही बदल करतो. मृगळ गाळावरून काठापर्यंत कसा आणलात?

वेण्णातीर (धागाकर्ता)

तेच सांगायचे राहिले. पाण्यापर्यंत तो व्यवस्थित आला. पुढचे चाळीस मीटर त्याला गाळावरून ओढत आणावे लागले, कारण मला आत जाता येत नव्हते. काठाला आला तेव्हा त्याचे कल्ले चिखलाने भरले होते आणि एका कुशीचे खवले निघाले होते. मला तो सोडून द्यायचा होता. बादलीतल्या पाण्याने कल्ले धुतले, पण त्याने तोंड हलवले नाही. घरी नेऊन खाल्ला. पाऊस पडून पाणी पुन्हा घट्ट काठाला लागेपर्यंत आता त्या बाजूला ड्रोन नेणार नाही. क्लिप मात्र जपून ठेवली आहे.